अर्ध्या उंचीची पट्टी

"उंची किती म्हणालात?"

काउंटरमागच्या माणसाने ओठांत धरलेला स्क्रू काढला, तेव्हा कुठे त्याचं बोलणं नीट कळलं. तिने पुन्हा सांगितलं. टीव्हीखाली ठेवलेला जुना कॉम्प्युटर आहे, बाबांचा, फक्त सिनेमे बघण्यासाठी जुळवलेला. कॅबिनेट इतकं चपटं की ग्राफिक्स कार्ड अर्ध्या उंचीचंच लागेल. त्याला पंखा नको, बाबांना शांत प्रसंगात घरघर सहन होत नाही. वेगळी वीज मागणारं नको, आतला पॉवर सप्लाय अगदी बेताचा आहे. आणि महाग नको.

"म्हणजे बुटकं, अबोल, कमी खाणारं आणि स्वस्त," तो म्हणाला. "मॅडम, असा नवरा मिळेल एक वेळ. कार्डाचं कठीण आहे."

ती दुकानात सहसा हसत नसे. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करून तिला मोजकं बोलायची सवय लागली होती. तरी हसू आलंच... ते लपवायला तिने केबलच्या गुंडाळ्यांकडे पाहिलं. त्याला ते दिसलं असावं. कारण मशीन पाहिल्याशिवाय कार्ड देणार नाही, रविवारी स्वतः घरी येतो, असं त्याने सांगून टाकलं.

हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून बाबांनी पहिल्याच दिवशी त्याला पेचकस म्हणायला सुरुवात केली. तो आला, जमिनीवर मांडी घालून बसला, झाकण उघडलं आणि आतल्या धुळीला आदराने नमस्कार केला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "शर्टाचं दुसरं बटण चुकीच्या काजात गेलंय रे तुझं." पेचकस लाजला. तिला ते लाजणं आवडलं.

बाबा उमेदीच्या वयात कॅमेरामन होते. त्यांनी एका दीपगृहावर माहितीपट केला होता, आणि त्यातल्या एका दृश्यासाठी ते कित्येक पहाटे ओल्या खडकांवर बसून राहिले होते. दाट धुकं हळूहळू उठतं आणि आतून मनोरा उघडा होतो, एवढंच ते दृश्य. सिनेमाची प्रत पुढे पिवळी पडली, चरे पडले. आता इतक्या वर्षांनी एका संग्रहालयाने मूळ रिळं स्वच्छ करून नवी प्रत पाठवली होती. पण ती जुन्या कॉम्प्युटरवर लावली की चित्र अडखळायचं आणि आवाज एकटाच पुढे निघून जायचा.

पेचकसने कारण समजावून सांगितलं. ही फाइल नव्या पद्धतीने घट्ट आवळून बांधलेली आहे. ती उलगडायचं काम जुना प्रोसेसर एकटा करतो, म्हणून त्याला धाप लागते. ही गाठ सोडवता येणारं कार्ड आत बसवलं की झालं. खेळांसाठी लागतं तसलं दांडगं कार्ड नको, साधं चालेल. फक्त त्याला ही नवी गाठ माहीत हवी.

एक गोष्ट त्याला सांगितली नव्हती. बाबांच्या डोळ्यांत, नजरेच्या बरोबर मध्यभागी, एक डाग वाढत होता. औषध चालू होतं, पण किती वेळ हाताशी आहे हे सांगता येत नाही, जे बघायचं असेल ते बघून घ्या, असं डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी म्हटलं होतं. हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं बाबांनी तिला बजावलं होतं. दिसत नाही म्हटलं की लोक उगाच मोठ्याने बोलायला लागतात, हे त्यांचं म्हणणं.

पहिलं कार्ड छान बसलं, पण ते जुन्या बनावटीचं निघालं. त्याला ती गाठ माहीतच नव्हती. पेचकस मनापासून ओशाळला. पुढच्या रविवारी त्याने दुसरं आणलं, ते सगळ्या अटींत बसणारं. फक्त त्याची मागची धातूची पट्टी, जी कॅबिनेटला स्क्रूने आवळतात, ती पूर्ण उंचीची होती. झाकण लागेना.

"छोटी पट्टी वेगळी मागवावी लागेल," तो म्हणाला. "येईल... थोडे दिवस लागतील."

पट्टी न लावताच बसवलं तर, असं तिने विचारलं. तो शर्टाचा खिसा चाचपू लागला. मग म्हणाला की टीव्हीच्या केबलचा ओढा पडून आतली खाच तुटेल. ते तिला पटलं. पुरावा असला की तिला पटायचं.

मग पट्टीविनाच रविवार येत राहिले. तो कधी ब्रशने कोपऱ्यातली धूळ काढायचा, कधी स्पीकरच्या वायरी नव्याने बांधायचा. ती टॉर्च धरायची. प्रकाश हलतोय, असं तो म्हणायचा. हात हलवतंय कोण, असं ती विचारायची. एकदा निसटलेला स्क्रू शोधताना दोघांची बोटं एकाच फटीत गेली. स्क्रू सापडला, तरी बोटं लगेच बाहेर आली नाहीत. बाबा खुर्चीतून म्हणाले, "सापडला का?" आणि दोघं एकदम "नाही" म्हणाले.

चहा टीव्हीपाशीच व्हायचा. बाबा रोज तिला कार्डाचं विचारायचे, पण त्याच्यासमोर नाही. पाहुण्याला घाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

एका रविवारी जिना उतरताना पेचकसने तिला विचारलं, "तुझे बाबा हल्ली माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्याशी बोलतात आणि बघतात खिडकीकडे. आवडलो नाही का मी?"

तिच्या जिभेवर आलं होतं. मधलं दिसेनासं झालं की माणूस कडेने बघतो. खिडकीकडे पाहिलं तरच त्यांना तू दिसतोस... पण तिने शब्द दिला होता. "तुझी बटणं बघवत नसतील," ती म्हणाली.

तो हसला नाही. कठड्यावरून बोट फिरवत राहिला. "पट्टी आली की माझं इथलं काम संपेल. मग कशाच्या निमित्ताने येऊ? — निमित्ताशिवाय आलो तर चालेल?"

विचार करून सांगते, असं ती म्हणाली. खरं तर विचार झालेला होता. पण कुठलंही उत्तर ती दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय देत नसे.

बुधवारी प्रयोगशाळेतून ती थेट दुकानात गेली. उत्तर तयार होतं. वाटेत तिने ते मनात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पेचकस एका काकांना कार्ड दाखवत होता. तेच खोकं, तेच कार्ड. त्याने काकांसमोर खोकं उघडलं. कार्ड निघालं, आणि खालून एक छोटी पारदर्शक पिशवी.

"ही बारकी पट्टी कशाला?" काकांनी विचारलं.

"चपट्या कॅबिनेटसाठी. प्रत्येक खोक्यात येतेच. तुम्हाला नाही लागणार," तो सवयीने म्हणाला, आणि त्याने वर पाहिलं तर समोर ती.

काका निघून जाईपर्यंत ती केबलच्या गुंडाळ्यांपाशी उभी राहिली. तो काउंटरबाहेर आला. कानापर्यंत लाल झाला होता आणि हसतही होता. त्याने शर्टाच्या खिशातून छोटी पट्टी काढून तिच्यासमोर धरली. कडा हाताळून गुळगुळीत झाल्या होत्या.

"हे कार्ड आणलं त्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. दिली असती तर त्याच रविवारी सगळं संपलं असतं. तू रागावशील... पण मग हसशील, असं वाटलं होतं."

तिच्यासाठी इतकं गोड खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं. हे तिला त्या क्षणीही कळत होतं.

"बाबांना मधलं दिसत नाही," ती म्हणाली. "तू कार्ड आणलंस तेव्हा दिसत होतं."

त्याचा हात तसाच पुढे राहिला. पट्टी परत खिशात ठेवायचीही त्याला लाज वाटत असावी.

दुकान तसंच सहकाऱ्यावर सोपवून तो तिच्याबरोबर आला. दोन स्क्रू काढले, मोठी पट्टी उतरवली, छोटी चढवली, कार्ड खाचेत दाबलं. चहाचं पाणी उकळेपर्यंत काम झालं. सिनेमा सुरू झाला. चित्र एकदाही अडखळलं नाही. आवाज चित्राच्या बरोबरीने चालत होता.

पडदाभर धुकं होतं. मग ते विरळ झालं, वर गेलं, आणि मनोरा उभा राहिला. ओल्या दगडांच्या सांधी, कठड्याला बांधलेला दोर, दोरावरचे थेंबसुद्धा मोजता येतील इतकं स्वच्छ.

बाबांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे. पुढे वाकले.

"धुकं उठलं का गं?"

आयुष्यात तिने कधी चुकीची नोंद केली नव्हती.

"उठतंय, बाबा," ती म्हणाली.

दारात पेचकसने आवाज खाली आणला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलं. म्हणून तर भांडत नाही."

"मग रविवारी—"

"तू आलास की मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "आता तू आलास की मी आठवडे मोजत बसेन. कुठल्या रविवारी त्यांना मनोरा दिसला असता, कुठल्या रविवारी अर्धा... ते मला थांबवता येणार नाही. माझा स्वभाव तसा आहे."

तो आत वळला. जमिनीवर राहिलेली आपली हत्यारं त्याने गोळा केली, आणि चपला हातात घेऊनच दोन पायऱ्या उतरला. कशासाठी ती दुकानात आली होती, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

ती आत आली. सिनेमा संपला होता, पडदा काळा होता. मोठी पट्टी टीव्हीपाशी पडली होती, ती तिने उचलून खोक्यात ठेवली.

"पेचकस गेला?" बाबांनी खिडकीकडे पाहत विचारलं. म्हणजे तिच्याकडे पाहत.

"गेला."

"माझ्या डोळ्यांचं सांगितलंस त्याला?"

"हो."

"आता नाही यायचा का?"

"काम झालं ना, बाबा."

ते बराच वेळ कान देऊन बसले. टीव्हीखाली तो जुना कॉम्प्युटर चालू होता, नुसता एक निळा ठिपका.

"कार्ड मात्र चांगलं निवडलंत दोघांनी," ते म्हणाले. "कसला म्हणून आवाज नाही."