दहाविरुद्ध हरकत

"पाहुणा आपल्या घरी पोचला असं कळल्याबिगर त्याच्या खोलीत झाडू लावायचा नाही, अनू. रस्त्यात असलेला माणूस अजून आपलाच पाहुणा असते."

बापूंचा हा आवाज अनसूयाताई गावंडे यांच्या कानात अजून उमटत असे, आणि तोही नेमका झाडू हातात घेतला की. बापू, त्यांचे वडील, चिखलदऱ्याच्या सरकारी विश्रामगृहाचे चौकीदार होते. साहेबांची जीप घाट उतरून गेली की ते खोलीला कडी घालून बाहेर बसत. संध्याकाळी परतवाड्याहून येणाऱ्या बसचा कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "पोचले जी साहेब!" मगच बापू कडी काढत.

बापू गेले, त्यालाही आता वीस वर्षं झाली होती. विश्रामगृहाच्या खालच्या अंगाला अनसूयाताईंनी स्वतःच्या घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. मागे कॉफीची चाळीसेक झाडं, पुढे अंगण, स्वयंपाकघरात दत्ताचा देव्हारा. देवापुढे दिवा लागल्याशिवाय चहा घ्यायचा नाही आणि गुरुवारी एकभुक्त राहायचं, हे त्यांचे नेम. झाडूचा नेमही त्यांनी त्यातच धरला होता.

देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर मात्र आता एक पडदा होता, आणि त्यावर एक हिरवी रेघ सरकत असे.

ती रेघ म्हणजे पाहुण्याचं समाधान. पूर्वी पाहुणे जाताना तारे देत, चार ओळी लिहीत. त्यात खोटंच फार. माकडानं बिस्किटं पळवली म्हणून यजमानाचे दोन तारे कापणारे होते, आणि रात्रभर ढेकूण चावले तरी भिडेपोटी पाच तारे देणारेही होते. म्हणून अशा घरांची यादी ठेवून पाहुणे पाठवणाऱ्या कंपनीनं माणसाचं मत घेणंच बंद केलं आणि त्याच्या शरीराला विचारायला सुरुवात केली. मुक्कामाला आलेल्याच्या मनगटावर बोटभर रुंदीची तोषपट्टी बांधायची. नाडीचा वेग, कातडीवरचा ओलावा आणि झोप किती गाढ, हे ती मोजत राहते. नाडी जितकी संथ, कातडी जितकी कोरडी, तितका माणूस सुखात. या साऱ्याचा दहापैकी निघणारा आकडा म्हणजे तोषांक. पाहुण्यानं घरी पोचल्यावर पट्टी टपालानं परत पाठवायची.

शरीर खोटं बोलत नाही, असं कंपनीच्या जाहिरातीत होतं.

शेजारचे प्रल्हाद ढोले यांनी या शरीराची नस बरोबर ओळखली होती. त्यांच्या सहा खोल्यांत निळसर मंद उजेड होता, जेवणात तिखट नव्हतं, आणि पाहुण्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता.

"ताई, तुम्ही त्या पाहुण्याले 'घरी कोण कोण असते' असं विचारता, तिथंच घात होते," ते कुंपणावरून सांगत. "घर आठवलं की नाडी चढते. अन् तुमचा तो ठेचा! माणसाले घाम फुटला की यंत्र म्हणते, पाहुणा दुःखात आहे."

"मंग काय आळणी भात वाढू, प्रल्हादभाऊ? अन् मुक्याबहिऱ्यासारखी उभी राहू?"

"माया तोषांक नऊच्या वर आहे, ताई."

"तुमच्याकडून माणूस जेवून जाते का दवाखान्यातून सुटून जाते, तेच समजत नाही मले."

प्रल्हादभाऊ हसत, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. साडेआठाच्या खाली सरासरी राहिलेल्या घरांचं नाव तिमाही संपताच यादीतून जाई, आणि यादीत नाव नाही त्या घरापर्यंत पाहुणा येणार कसा? अनसूयाताईंची सरासरी घसरत चालली होती. ठेच्याचा घाम होता, विचारपूस होती, आणि झाडूही होता. पाहुणा गेल्यावर दोन तासांत खोली झाडली नाही की दारावरचा लाल दिवा लागे आणि गुण कापले जात. तिमाही संपायला तीन दिवस उरले होते. या तीन दिवसांत एखादा पैकीच्या पैकी तोषांक मिळाला तरच घर यादीत राहणार होतं.

त्याच दिवशी भास्करराव चिंचोळकर आले. अकोल्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. अंगणाच्या तीन पायऱ्या चढताना ते मधल्या पायरीवर थांबले.

"वय झालं, बाई," ते हसून म्हणाले. "मधली पायरी पूर्वी नव्हती वाटतं इथं."

संध्याकाळी अनसूयाताईंनी झुणका, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. वाढता वाढता त्यांची नजर पडद्याकडे गेली. प्रल्हादभाऊंचा सल्ला आठवला. जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी एकदा गिळला. पण समोर बसलेला माणूस भाकरीचा तुकडा हातात धरून नुसताच बसला होता. त्यांना राहवलं नाही.

"घरी कोण कोण असते, सर?"

"मी आणि भिंतीवरचं घड्याळ," भास्करराव म्हणाले. "सुनंदा गेली त्याला तीन वर्षं झाली. आम्ही दरवर्षी इथं यायचो. त्या विश्रामगृहाच्या मागं उभं राहिलं की दरी दिसते ना, तिथं ती तासभर बसायची. मी म्हणायचो, दरी काय पळून चालली आहे का?"

बोलताना त्यांचे डोळे भरून आले. अनसूयाताईंनी धास्तीनं पडद्याकडे पाहिलं. हिरवी रेघ ताठ होती. शेवाळ धरलेल्या पाण्यासारखी, जागची न हलणारी. कपाळावर ठेच्याचा घामही नव्हता.

त्यांना बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला भास्करराव निघाले. "झोप छान झाली, बाई. इतकी, की अजून येतेच आहे," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "साडेबारापर्यंत अकोला. पोचलो की फोन करतो."

"नक्की करा, सर. तुमचा फोन आल्याशिवाय मी खोली झाडत नाही. हा माझा नेम आहे."

"म्हणजे माझ्यामुळं तुमचे गुण जायचे! करतो, वेळेवर करतो."

गाडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.

दहाच्या सुमारास पडदा घंटेसारखा किणकिणला. तोषांक: दहापैकी दहा. चिखलदऱ्यात आजवर कुणाला न मिळालेला. कुंपणापलीकडच्या पडद्यावरही ती बातमी झळकली असावी, कारण अर्ध्या तासात प्रल्हादभाऊ पेढे घेऊन आले.

"जिंकल्या, ताई तुम्ही! आता अकराच्या आत खोली झाडून घ्या, म्हणजे काही कटकट नाही."

ताईंनी एक पेढा देवापुढे ठेवला. खोली झाडली नाही. अकरा वाजता दारावरचा लाल दिवा लागला. साडेबारा झाले, एक झाला. फोन आला नाही. त्यांनी लावला तर वाजून वाजून बंद पडला.

"घाटात रेंज नसते," प्रल्हादभाऊ म्हणाले.

"घाट दहालाच सरला असता, भाऊ. अन् रेंज नसती तर फोन वाजला नसता."

"मास्तर लोक विसरभोळे असतात."

अनसूयाताई खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. गादीवर माणसाच्या अंगाचा खळगा तसाच होता. तांब्यातलं पाणी अर्धं. मधल्या पायरीवर थांबलेला माणूस, बायकोच्या आठवणीनं डोळे भरले तरी न हललेली रेघ, भर सकाळी न सरणारी झोप, हे सारं त्यांच्या मनात एका ओळीत आलं. माणूस रडतो आणि त्याची नाडी हलत नाही, हे समाधान कसं असेल?

पाहुणा कुठे आहे हे कंपनीला पट्टीवरून कळत होतं, पण ते कुणाला सांगायचं नाही असा नियम. अपवाद एकच होता. यजमानानं तोषांकाविरुद्ध हरकत घेतली तर कंपनीतल्या माणसाला सगळी मापं उघडून पाहावी लागत आणि पाहुण्याशी लगेच बोलावं लागे. मात्र हरकत घेताच तो तोषांक रद्द होई. आणि आज संध्याकाळी सहाला यादी बंद होणार होती.

"ताई, हातात आलेला दहा घालवता का?" प्रल्हादभाऊ कळवळून म्हणाले. "नाव जाईन तुमचं!"

"जाऊ द्या. माया पाहुणा रस्त्यात आहे."

त्यांनी देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पडद्यावरची हरकतीची कळ दाबली.

पलीकडून ऋजुता नावाच्या मुलीचा आवाज आला. "ताई, काहीतरी चुकतंय. तुम्हाला दहा मिळालेत. इथे लोक चारविरुद्ध हरकत घेतात."

"माझी दहाविरुद्ध आहे, बाळा. सरांची मापं काढ. आत्ता त्यांचा तोषांक किती?"

"आत्ताही दहाच. अगदी शांत आहेत ते."

"अन् नाडी?"

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग ऋजुताचा आवाज बदलला. "एकतीस. काल रात्री अडतीस होती. ताई, माझ्या आजोबांची अशी झाली होती, तेव्हा... तेव्हा डॉक्टर धावत आले होते."

"कुठं आहेत ते?"

"धामणगाव गढीच्या घाटात. साडेनऊपासून एकाच जागी. मी रुग्णवाहिकेला कळवते. ताई, तुम्ही जवळ आहात, तुम्ही निघा!"

प्रल्हादभाऊंनी पेढ्यांचा पुडा ओट्यावर टाकला आणि जीपची किल्ली काढली.

घाटात सागाच्या सावलीला गाडी नीट कडेला लावलेली होती. भोवळ आली तेव्हा भास्कररावांनी शिस्तीत दिवे लुकलुकते ठेवून, खुर्ची मागं टाकून डोळे मिटले होते. चार तासांत कितीतरी गाड्या तिथून गेल्या असतील. झोपलेला माणूस पाहून कोण थांबणार? चेहरा राखेसारखा झाला होता. अनसूयाताईंनी हात हातात घेतला तर तो गार होता.

"सर! भास्करराव!"

पापण्या हलल्या. "बाई... पोचलो नाही अजून," ते पुटपुटले. "तुमची खोली..."

"असू द्या खोली. तुम्ही घरी पोचेपर्यंत नाही झाडत मी. शब्द आहे माझा."

त्यांच्या मनगटावरची पट्टी हिरवीगार चमकत होती. प्रल्हादभाऊंनी ती तोडून खिशात टाकली.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाला ठोक्याचा निरोप पोचवणारी वाटच बंद पडत चालली होती. आणखी तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं. त्याच दिवशी छातीत नाडीला चालना देणारं यंत्र बसवलं. तोषपट्टीला हे कळलं नाही, कारण तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. ती शिकली होती हजारो धडधाकट तरुण प्रवाशांच्या नाडीवर. मंद झालेली नाडी म्हणजे सुख, एवढंच तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी सहाला अनसूयाताईंच्या घराचं नाव यादीतून गेलं.

पण ऋजुता त्या दिवशी खुर्चीवरून उठली नाही. राज्यभरात दहापैकी दहा मिळालेले सगळे मुक्काम तिनं काढले आणि प्रत्येक पाहुण्याला स्वतः फोन केला: तुम्ही कसे आहात? कृपा करून डॉक्टरांना दाखवा. एकोणीस जणांना तिनं असं सांगितलं. त्यातल्या सात जणांना तातडीनं भरती व्हावं लागलं. सातही वाचले. हे तिनं वरिष्ठांना लिहिलं, आणि वरिष्ठांनी उत्तर द्यायच्या आत वर्तमानपत्रांनाही.

इकडे प्रल्हादभाऊंनी आधी आपल्या घरातला पडदा उतरवला, मग बाजारचौकात उभं राहून इतर यजमानांना हाक दिली. "मायाकडं नऊच्या वर तोषांक आहे," ते म्हणाले, "अन् तीन वर्षांत एका पाहुण्याचं नाव मले आठवत नाही!" त्या आठवड्यात चिखलदऱ्यातल्या बासष्ट घरांनी आपले पडदे उलटे करून ठेवले. मग पाचगणीहून बातमी आली, मग तारकर्लीहून.

बाराव्या दिवशी कंपनीनं तोषपट्टी मागे घेतली. यापुढे पाहुण्यानं घरी पोचल्यावर, पोचल्याचा निरोप देऊन, स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आणि तो निरोप येईपर्यंत खोली झाडली नाही म्हणून कुणाचे गुण जायचे नाहीत. यादी नव्यानं उघडली तेव्हा पहिलं नाव गावंडे यांच्या घराचं होतं. प्रल्हादभाऊ वाजंत्री लावायला निघाले होते; ताईंनी त्यांना कसंबसं आवरलं. मग त्यांनी वाजंत्रीऐवजी सहा खोल्यांतल्या पाहुण्यांना ठेचा वाढला. सगळे घामाघूम झाले आणि दोघांनी दुसऱ्यांदा मागितला.

त्या संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. "ताई, मला एक सांगा. इतकी मापं आमच्याकडे होती. तुम्हाला कसं कळलं?"

"मले कुठं काय कळलं, बाळा? मी फक्त वाट पाहत होती."

ऋजुता हळूच म्हणाली, "वाट पाहणं मोजता येईल का हो, ताई?"

फोन कानाशी धरूनच ताईंनी बंद खोलीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पहाटे त्यांनी दत्तापुढे दिवा लावला, मग चहा घेतला. सरांसाठी दोन भाकरी कापडात गुंडाळल्या. ठेचा मात्र डॉक्टरांच्या भीतीनं अगदी बोटभरच. जाताना त्या बंद खोलीपाशी थांबल्या. आत तेरा दिवसांची धूळ होती, तांब्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती, आणि दारावरचा लाल दिवा अजून कुणी काढून नेला नव्हता.

अमरावतीच्या दवाखान्यातून भास्कररावांना आज सोडणार होते. तिथून अकोला, घड्याळाच्या घरापर्यंत. किती घरांत असं एकच घड्याळ चालत असेल, आणि त्यातल्या कुणाच्या पोचण्यासाठी कुठे झाडू थांबलेला असेल?

दाराआडचा झाडू त्यांनी भिंतीला नीट टेकवून ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि पहिल्या बसच्या वाटेला लागल्या.