मागची बैठक

देवाशपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे; मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मी तेव्हा जन्माला यायचा होतो, पण ज्यानं पाहिलं त्या नागोजीच्या सोप्यात बसून इतक्यांदा ऐकलंय, की डोळे त्याचे काय नि माझे काय.

साल अडतीस असावं. पौषातली सकाळ. कोगनोळीच्या माळाखाली नागोजीची तंबाखू कापणीला आली होती. पानाला चिकटा कितपत धरलाय ते चाचपायला तो शेतात गेला, मागून त्याची बायको अंबूबाई भाकरी घेऊन. धुकं असं, की बांधावरची बायको दिसेना. नुसती तिची कुरकुर ऐकू येई.

मग त्या धुक्यात घरघर सुरू झाली. पिठाच्या गिरणीसारखी, पण मधूनच अडखळणारी. आवाज डोक्यावरून गेला, वळला, परत आला. धुकं फाटलं आणि एक लहानसं विमान थेट तंबाखूवर उतरताना दिसलं.

वर्षाचं पीक! नागोजीनं डोक्याचा पटका सोडला आणि जोंधळ्यावरचे पोपट हाकलावेत तसा गरागरा फिरवला. "हाऽड! हाऽड रंऽ!"

विमान त्याच्याच रोखानं आलं.

तंबाखूला लागून पडीक पट्टा होता, आणि पट्ट्याच्या टोकाला घाणेरीत लपलेली, बिनकठड्याची जुनी विहीर. चाकं टेकली. विमान उड्या मारत विहिरीकडे धावलं. नागोजीनं डोळे मिटले. कडाड् आवाज झाला... पाण्याचा नव्हे. बघतो तर ऐनवेळी डावीकडे वळून विमान बांधावर आदळलेलं. नाक मातीत, एक पंख मोडलेला. ओल्या तंबाखूच्या वासात पेट्रोलचा वास मिसळत होता. एक पाखरू बोलेना.

पुढच्या बैठकीतून रक्ताळल्या कपाळाचा एक तरुण सरपटत बाहेर आला. पुण्याकडचा हौशी वैमानिक. इंजिन खोकायला लागलं, ते पुरतं बंद पडायच्या आत उतरलेलं बरं म्हणून उतरलेला. एकटाच होता. पण पहिलं काय विचारलं त्यानं?

"तो... तो लागला का?"

"कोन, सायेब?"

"दुसरा. तुम्ही पटका फिरवून या म्हणालात..."

"या न्हाय वो, जा म्हणत हुतो मी!"

"...आणि तो विहिरीपाशी दोन्ही हात पसरून उभा. त्याला चुकवायला मी वळलो. पंखाखाली बघा... माझ्या हातून माणूस..."

पटका तर नागोजीनंच फिरवला होता. कुणी मेलं असलं तर ते पाप त्याच्याही माथी. तो पंखाखाली पालथा पडून चाचपू लागला. माती, लाकडाच्या काटक्या, फाटलेलं कापड. माणूस नव्हता.

"अवो," अंबूबाई हळूच म्हणाली, "हिकडं बघा."

दहिवरानं भिजलेल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती. विहिरीच्या काठापासून निघून विमानापर्यंत आलेली. परत गेलेलं एकही नव्हतं. आणि मागची रिकामी बैठक चिंब होती... कडेवरून थेंब थेंब गळत होतं. शेवाळाचा वास येत होता.

"थोरलं भावजी," अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. "आमचं भावकू भावजी. धा वर्सांमागं हितंच बुडालं... त्येंनीच वाचवलं पोराला."

नागोजीनं विहिरीला हात जोडले. वैमानिकानंही जोडले.

आता एक कबूल करतो. भावकू मी घातला. नागोजीला भाऊ नव्हता, आणि त्या विहिरीत आजवर माणूस काय, शेरडूदेखील पडलं नव्हतं. ऐकणाऱ्याला रात्री झोप लागावी म्हणून मीच त्या बिचाऱ्याला आत ढकलतो. बाकी सगळं जसंच्या तसं.

अंबूबाई त्या सकाळी वेगळंच बोलली होती. त्या ओल्या बैठकीकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली,

"अवो... ह्यो कुठं जायाला बसला असंल?"