डावऱ्या हाताचा पीळ

भूपेंद्र, उद्या पोरीईले घेऊन अभयारण्यात चालला ना तू? जा. तळ्याकाठची रेती पाहा, पाय बुडवा. आपल्या भंडारा जिल्ह्यातला समुद्र तोच. फक्त जेवणाचा डबा तिथे विसरू नका. काहून? सांगतो. रुचिका, तो मोबाइल ठेव बाई खाली. तुझा आबाजी रोज रोज सांगत नाही.

सेवकराम म्हणून माझ्या ओळखीचा होता. कोंढ्याकडचा, ढिवराच्या घरचा. मी आंधळगावहून माझ्या मागावरचे दुपट्टे तिकडच्या बाजारात न्यायचो, अन् तो दरवर्षी एक घ्यायचा. त्याच्या धंद्यात दुपट्ट्याचा मान मोठा. रातच्याले एक जण डोंगा घेऊन तळ्यात जाळं टाकाले जाणार, दुसरा काठावर बसणार. काठावरच्यानं थोड्या थोड्या वेळानं हाक द्याची, म्हणजे पाण्यातल्याले अंधारात काठ समजते. पाण्यातल्यानं तोंडानं बोलाचं नाही, मच्छी पळते. त्यानं डोंग्यावर वल्ह्यानं दोनदा ठोकाचं. ठक ठक. अन् तो बाहेर आला की आधी कोरडा दुपट्टा त्याच्या हाती द्याचा, मंग बोलणं.

सेवकरामचा मोठा भाऊ जागेश्वर. डावरा होता. जाळं फेकाचा तर पाहात राहावं असा. २०१२ च्या जानेवारीत, धुक्याच्या राती तो पाण्यात गेला अन् परत आलाच नाही. तीन दिवस शोधलं. डोंगा भेटला, माणूस नाही. सेवकरामनं सगळ्याईले सांगितलं, मी रातभर हाका देत होतो. खरं ते मले मागाहून कळलं. त्याचा डोळा लागला होता.

जागेश्वरची बायको पुष्पाबाई. तिनं ना कुंकू पुसलं, ना बांगड्या फोडल्या. दरसाली एकदा तरी विचाराची, "भाऊजी, तुम्ही हाक देली होती ना?"

"देली वहिनी."

बस, एवढंच. हा माणूस रडला नाही, भांडला नाही. जेवाचा, झोपाचा. पायाले मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी समजत नाही, तसं त्याचं सारं जगणं झालं होतं.

पुढे तळं अभयारण्यात गेलं. मच्छी बंद झाली, डोंगे काढून नेले. सेवकराम गेटवर चौकीदार लागला. ज्या तळ्यात भाऊ गेला, तिथेच पाहुण्याईले वाट दाखवाची. दाखवाचा. त्याले काय...

आता तारीख ऐका. ४ मे २०१९, शनवार. अवस होती. हसू नको भूपेंद्र, मी मुद्दाम नाही घातली, कॅलेंडर काढून पाहा. तुमसरचे पाहुणे सांजच्याले गेटबाहेर पडले अन् गाडीतून म्हणाले, "अरे, डबा रेतीवरच राहिला!" अन् गेले निघून. खाण्याच्या वासानं अस्वल येते. सकाळी साहेबाची बोलणी कोण खाईल? साडेसात वाजता सेवकराम टॉर्च घेऊन निघाला. दीड किलोमीटर पायवाट. खांद्यावर माझा दुपट्टा.

डबा भेटला. उन्हाळ्यानं पाणी दूर गेलं होतं, रेतीच रेती. वारा नाही. डबा उचलून तो मागे वळला.

ठक ठक.

तळ्यात डोंगा नव्हता. किती वर्सं झाली, एकही नव्हता.

तो थांबला. मले म्हणे, "टेकचंदभाऊ, भेव नाही वाटलं. काहीच नाही वाटलं. फक्त आठवलं का, आता माही पाळी हाय."

त्यानं हाक देली. "होऽऽ दादा... इकडे!"

बराच वेळ काही नाही.

ठक ठक.

जवळून.

त्यानं टॉर्च बंद केली. मी विचारलं, काहून बापा? तर म्हणे, "तोंड पाहाची हिंमत नव्हती."

"होऽऽ दादा..."

ठक ठक. अजून जवळ.

तिसरी हाक.

मंग ठोकणं नाही... रेतीवर डोंग्याचं बूड घासलं. तेवढंच.

सेवकरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढला. रेतीवर ठेवला. पाठ फिरवली अन् चालू लागला. आधी दुपट्टा, मंग बोलणं. बोलण्यासाठी तो थांबला नाही. मागून कोणी आलं नाही. आवाज नाही. काहीच...

रातभर गेटवरच्या चौकीतच झोपला, सकाळी उठला. गेटच्या आडव्या दांडीवर दुपट्टा टांगला होता. ओला. घट्ट पिळलेला.

त्या दिवशी मी त्याच्याच घरी होतो. पुष्पाबाईच्या भाचीचं लग्न होतं, लुगडं द्याले गेलो होतो. पुष्पाबाईनं हळदीले हात लावाचा का नाही, यावर बायकाईची कुजबुज चालली होती. सेवकराम आला अन् दुपट्टा मुकाट्यानं तिच्या पुढे ठेवला.

पुष्पाबाईनं तो हातात घेतला. पीळ बोटानं चाचपला.

"भाऊजी, हा पीळ तुमचा नाही. उलटा हाय. अकरा वर्सं मी हाच पीळ उलगडून कपडे वाळू घातले."

सेवकरामनं रातची सारी हकिकत सांगितली. ठोकणं, हाका, सारं.

"तुम्ही तीन हाका देल्या, अन् ते आले?"

"हो."

"मंग त्या राती काहून नाही आले, भाऊजी?"

माझ्या हातात लुगडं तसंच होतं.

"माहा डोळा लागला होता," सेवकराम म्हणाला. अन् सात वर्सांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून रडण्याचा आवाज आला. माणसाचा वाटत नव्हता.

पुष्पाबाई उंबऱ्यावर बसली, अन् एक एक करून बांगड्या फोडल्या.

तो दुपट्टा तिनं घरातल्या दोरीवर टाकला. पीळ सोडला नाही. मी आजही त्या बाजूले गेलो का हात लावून पाहातो. विणकर माणूस, सुताचा पीळ मले कोणी शिकवाले नको. कापड केव्हाच वाळलं. पीळ डावऱ्या हाताचाच आहे.