चौथा सांधा

काम तसं साधंच होतं हो, पण तीन रविवार त्याने माझ्या नाकी नऊ आणले.

आईच्या उशाशी बाबांच्या वेळचा रेडिओ आहे. त्याची सुई एकाच जागी. ते स्टेशन गेल्या वर्षी कायमचं बंद पडलं आणि आईचं अन्नावरचं मनच उडालं. सुई हलवू देत नाही; का, तर बाबांनी लावलेली. म्हटलं, त्याच जागी लागेल असा, घराच्या चार भिंतींपुरता ट्रान्समीटर आपणच बनवू आणि तिची जुनी गाणी लावू. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या डब्यात काचेचे व्हॉल्व होते, सोल्डर होतं. नव्हतं ते फक्त माझ्या हाताला यश. हे वाक्य त्यांचंच, जन्मभर ऐकलेलं.

गाणं लावावं तर घरघरच ऐकू येई. कॉईल पुन्हा गुंडाळली, वायरी बदलल्या, बोटं भाजून घेतली. घरघर तशीच.

"त्यापेक्षा तूच गा ना त्यांच्यापुढे," बायको म्हणाली. अशी चीड आली!

तिसऱ्या रविवारी, भर दुपारी, आईच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. गेलो, तर ती रेडिओला कान लावून पडलेली.

"कुणाशी बोलतेस?"

"हळू... हे सांगताहेत. व्हॉल्वपासून चौथा सांधा कच्चा राहिलाय म्हणे."

मला नुसती घरघर ऐकू येत होती. पण खोलीत सोल्डरचा जळका वास होता, आणि माझं सोल्डरिंग आयर्न तर सकाळपासून थंड. आईला दोन वर्षं दिसत नाही. सांधा कशाला म्हणतात, हेही तिला ठाऊक नाही.

टेबलाशी येऊन चिमट्याने चौथा सांधा हलवला. हलला. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण मला संतापच आला. मेल्यावरही माझ्याच चुका काढतात! तिरीमिरीत तो पक्का केला. घरघर गेली. गाणं स्वच्छ लागलं. शाबासकी घ्यायला मी आईकडे धावलो.

आई उठून बसली होती. कित्येक महिन्यांनी हसत होती.

"निघाले बरं का. घरघर गेली की न्यायला येतो म्हणाले... चहा टाक. दोन कप."

 परत येऊन सांधा सोडवला. घरघर सुरू झाली. आई रडली, मी बधलो नाही.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर सांधा पक्का. माझं सोल्डर म्हणजे नुसता गोळा. हा मात्र बारीक, गुळगुळीत, चकचकीत. बाबांचा असायचा तसा. मी पुन्हा सोडवला. सकाळी पुन्हा पक्का. आठ दिवस हेच! काल डोकं फिरलं आणि सगळा ट्रान्समीटर अंगणात आपटला.

मघाशी केर भरायला गेलो. काचेचा चुरा, कॉईलचा गुंता... आणि त्यात चौथा सांधा शाबूत. बोट लावलं.

हा बघा फोड. आणि आत आई केव्हाची विचारते आहे, हे दाराशी उभे आहेत, कडी कुणी घातली म्हणून.