फितीच्या दोन बाजू

मिरजेच्या त्या रुग्णालयात कंठविभागाबाहेर बसलेली माणसं आपापला आवाज मुद्रित करून ठेवायला आली होती. चष्म्याच्या दुकानात काचा बदलून बघाव्यात, तसे आत मायक्रोफोन बदलून बघत. तासगावच्या बेदाणा सौद्यात बोली पुकारणारा एक अडत्या नुकताच बाहेर आला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, की आपण सगळ्यांत दणकट माइक निवडला. बायको म्हणाली, घरात वापरायला एखादा मऊही घ्यायचा होता. सगळे हसले. उज्ज्वला पाटोळेही हसली. पण शेजारी बसलेल्या थोरल्या जावेकडे, शाहीर वैजयंताकडे, बघायचं तिने टाळलं.

वैजाक्काच्या स्वरयंत्रात गाठ होती. पुढच्या आठवड्यात ते काढायचं आणि त्या जागी कंठयंत्र बसवायचं ठरलं होतं. सुपारीएवढं ते यंत्र श्वासावर चालतं, आणि माणसाच्या आधी मुद्रित केलेल्या आवाजातून त्याचा सूर घडवतात. मज्जातंतू एकदा त्याला सरावले की मग फेरबदल नाही. माइकने जे ऐकलं, तेच आयुष्यभर गळ्यातून यायचं. आटपाडीपासून जतपर्यंत जिच्या पोवाड्याला माणसं मळणी थांबवून येत, तिचा गळा आज माइकांच्या एका पेटीतून निवडायचा होता.

ध्वनितंत्रज्ञ रेहाना शिकलगार हिने उज्ज्वलाला काचेबाहेर बसवलं आणि आक्कापुढे पहिला माइक ठेवला. तो रंगमंचावरचा, आरडाओरडा सोसणारा. आक्का गायली तेव्हा भोंग्यातून यायचा तसाच खणखणीत आवाज आला. पण नंतर तिने साधं पाणी मागितलं, तेही जाहीर सभेत मागितल्यासारखं वाजलं.

दुसरा माइक फार नाजूक कानाचा. त्याच्या आतला पडदा केसाहूनही पातळ. काकणांची किणकिण, ओठ सुटल्याचा आवाज, श्वास आत घेताना होणारी सळसळ, काही सुटत नव्हतं. आक्काने स्वतःला ऐकलं. मग म्हणाली, "ह्यो तर माज्या जिभंवर बसून ऐकतोय." काचेमागे उज्ज्वलाच्याही अंगावर काटा आला. असा कान माणसाने घडवावा!

अडचण वेगळीच निघाली. आक्काची प्रत्येक ओळ शेवटाला विझत होती. रेहानाने तीनदा ऐकून बघितलं. माइक समोरचंच ऐकत होता, आणि ओळीच्या टोकाला आक्का मान डावीकडे वळवत होती. डावीकडे झीलकरीण असते. शाहिराने ओळ उचलायची, तिचा शेवट झीलकरणीच्या हवाली करायचा, तिने तो ताणून धरायचा, तोवर शाहीर श्वास भरून घेणार. उज्ज्वला लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींत ही देवघेव चालली होती. आज डावीकडे रिकामं स्टूल होतं, तरी मान वळत होती.

रेहानाने अदबीने सांगितलं, की तोंड समोरच ठेवा. आक्काने ठेवलं. सूर जागच्या जागी पडले, एकही हुकला नाही, आणि आवाज मात्र फोटोला उभ्या राहिलेल्या माणसासारखा ताठ झाला. रेहानाचा चेहरा उतरला. हा ताठपणा यंत्रात गेला तर कायमचा राहील, हे तिने लपवलं नाही. वळणाऱ्या मानेमागे माइक फिरवून बघितला. त्याने तर सूरच हिंदकळला.

मग तिने कपाटातून एक जुना, जड माइक काढला. त्याच्या पोटात दोन चुंबकांमध्ये ॲल्युमिनियमची एक फीत लोंबत होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी हलकी. ही फीत पुढून आणि मागून सारखंच ऐकते, फक्त बाजूंना बहिरी असते, असं तिने सांगितलं आणि उज्ज्वलाला आत बोलावलं. एक जाऊ अलीकडे, एक पलीकडे. आता मान वळवायचं कारणच उरलं नाही. झील समोरच होती.

आक्काने आपलीच ओळ धरली:

नदी आटली, आटू दे गं, वाळूखाली पाणी हाय…

उज्ज्वलाने ती अलगद झेलली: हाय जी, पाणी हाय जी…

दोघी गात राहिल्या. आक्काचा आवाज उन्हात तापलेल्या कातळावरून घरंगळत यावा आणि झिलीपाशी येऊन ओला व्हावा, असं होत होतं. गाठीचा खरखरीतपणाही त्यात होता आणि तो लपत नव्हता. मुद्रण संपलं तरी रेहानाने कानावरचे हेडफोन काढले नाहीत.

काढले तेव्हा तिने खरं ते सांगितलं. फितीवर दोघींची थरथर एकत्र उमटली होती. वेगळी करता येत होती, पण करून बघितली तर वळणावरचा जीवच सुटत होता. ठेवायचं तर सगळंच ठेवावं लागणार होतं. म्हणजे आक्काच्या गळ्यात, ओळीच्या टोकाला, थोडी उज्ज्वला राहील.

"न्हाय," आक्का म्हणाली. "तिच्याजवळ त्यो एकच दागिना हाय. त्यो मी घालून मिरवू व्हय?"

 उज्ज्वलाला दुसरंच काही कळलं होतं. असा गळा आपली झील आपणच धरू शकेल. मग डावीकडे कुणी उभं राहायची गरज उरणार नाही. तिने रेहानाला तसं विचारलं, आणि रेहानाने होकारार्थी मान हलवली. उज्ज्वलाने बाजूला ठेवलेल्या आधीच्या दोन माइकांकडे बघितलं. एकात सभा होती, दुसऱ्यात फोटो.

"आक्का, लगीन झाल्यापास्नं तुमचीच ओळ धरून खाल्लं मी," ती म्हणाली. "आता मान वळवून दमू नगा. ठेवा म्हणावं हीच."

"आन तू काय करशील?"

"ऐकीन. कवा पुढं बसून ऐकलंयच कुठं?"

आक्काने तिच्या पाठीवर एक चापट मारली आणि रेहानाला म्हणाली, की हिचं डोकं पहिल्यापासनं असंच उलटं चालतं. पण पुन्हा नाही म्हणाली नाही.

दीड महिन्याने यंत्र चालू केलं. रेहानाच्या खुणेसरशी आक्काने पहिला शब्द काढला तो "उजे" असा. कोरडा, खरखरीत, अगदी तिचाच. उज्ज्वलाच्या डोळ्यांना धार लागली. खाटेवर बसल्या बसल्या आक्का गुणगुणली, तर गळा साथ देऊ लागला, आणि ओळीचं टोक न तुटता लांब गेलं. कुठून आलं हे दोघींनाही ठाऊक होतं. उज्ज्वला पायथ्याशी बसून ऐकत होती. असं देखणं गाणं आपण इतकी वर्षं बाजूला उभं राहूनच ऐकलं, याचं तिला नवल वाटत होतं.

घरी बातमी द्यायची म्हणून आक्काने उज्ज्वलाचाच फोन घेतला आणि तिच्या लेकीला, शर्वरीला लावला. "बाळा, झालं बग समदं नीट," ती म्हणाली, आणि शेवटचा शब्द हळूच लांबला.

पलीकडून शर्वरी म्हणाली, "आई, रडतेस कशाला? आक्का बोलली का?"

आक्काचा हात खाली आला. शर्वरीने आक्काच्या गळ्यात आपली आई ओळखली होती. फोन दोघींमधल्या चादरीवर होता, आणि त्यातून पोरीचा आवाज येतच होता.

"आई? कोण बोलतंय?"

उत्तर द्यायला उज्ज्वलाने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी आक्कानेही.