चुलीची वीट

वीज गेली होती. अंगणात कोंडाळं करून बसलेल्या पोरांना अण्णाजी आपल्या साडूची हकीकत सांगत होते. "किसनराव म्हनजे शब्दाचा पक्का माणूस," ते म्हणाले, "म्हनूनच त्याले लागलं."

ब्याऐंशी सालची पौषातली अवस. किसनरावांच्या ओसरीची पायरी खचली होती आणि सकाळी त्यांच्या लेकीला, कोकिळेला, पाहायला हिंगणघाटचे पाहुणे यायचे होते. जेवणं आटोपल्यावर ते घमेलं नि कंदील घेऊन टेकडीकडे निघाले. वर जुन्या नगराचं खोदकाम चाललं होतं. हातभर लांब विटा निघत. गावातल्या कितीतरी गोठ्यांना त्याच लागलेल्या. त्या वर्षी मात्र खोदकामाच्या साहेबांनी चावडीवर हात जोडले, तेव्हा किसनरावच उठून म्हणाले होते, "एकबी वीट हालनार नाई, साहेब. माहा शब्द हाय."

"दोनच तं पायजे," असं पुटपुटत ते खड्ड्यात उतरले. एका घराची अर्धी भिंत, कोपऱ्यात चूल. चुलीच्या विटा सुट्या होत्या. एक काढली. दुसरीला हात घातला...

चुलीपुढे कोणीतरी बसलं होतं. बाई. पाठमोरी. फुंकर घालत होती.

मजुरीण असेल, त्यांना वाटलं. "कोन व्हय, बाई?"

ती वळली नाही. "थांबा जरासे, भाऊ," हळूच म्हणाली. "लेकरं जेवाची हायेत."

मग भिंतीशी लेकरं दिसली. तीन... चार. ओंजळी पुढे धरलेल्या. रडत नव्हती. नुसती त्यांच्याकडे पाहत होती.

किसनरावांची मान खाली गेली. वीट परत ठेवायची... एवढंच. पण ते पळाले. वीट काखेतच.

रात्रभर ओसरीवर बसून राहिले.

"काऊन? काय झालं?" त्यांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, विचारलं.

त्यांनी वीट मांडीवर ओढून घेतली.

उजाडताच, पाहुणे यायच्या आत, वीट डोक्यावर घेऊन ते भर गावातून टेकडीवर गेले. लोक पाहून राह्यले होते. "साहेब, मीच नेलती," म्हणाले.

साहेब रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. दोघांनी मिळून वीट जागेवर बसवली. किसनरावांना वर पाहवेना.

"आतली राख अजून पाहायची आहे," म्हणत साहेबांनी चुलीत हात घातला... आणि झटक्यात मागे घेतला.

किसनरावांनी वाकून पाहिलं.

साहेबांच्या बोटावर फोड आला होता.