कानसेनचं मशीन

रात्री जेवणं झाल्यावर मामानं गच्चीवर सतरंजी टाकली आणि आधीच बजावलं, "मधे खी खी केलंस तर गोष्ट बंद." हे मला उद्देशून होतं. गेल्या वेळी ऐन भुताच्या वेळी मी ताईच्या मानेवर बर्फ ठेवला होता. एवढीशी गोष्ट, पण लोक किती मनात ठेवतात!

मामाच्या दुकानाला लागून दोघा मित्रांचं दुकान होतं. जुन्या कॉम्प्युटरचे शौकीन लांबलांबून तिथं यायचे. एका काटकुळ्या बोटांच्या मित्राला सगळे कानसेन म्हणायचे. हा कॉम्प्युटरचा डबा उघडायचाच नाही. नुसतं चालू करून ऐकायचा आणि सांगायचा, आत प्रोसेसर कुठला, मेमरी किती, हार्ड डिस्क कधी मरणार. दुसरा पक्कड. तो सगळे स्क्रू काढून, भिंगातून नंबर वाचून तेच सांगायचा. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "कानसेन नाहीत? मग उद्या येतो."

"पक्कड जळत असेल ना?" ताईनं विचारलं.

"जळत? अगं, त्याच्या डोक्यावर चहा उकळला असता!"

पुढे तापाचं निमित्त झालं आणि कानसेन गेला. महिन्याभरानं त्याच्या बायकोनं पक्कडला बोलावलं. "भावजी, यांचं मशीन फार हळू चालतं. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आता तुम्हीच बघा."

पक्कडला हेच हवं होतं. मशीन असं पळवायचं, की वहिनींनी एकदा तरी म्हणावं, 'तुमचा हात यांच्यापेक्षा बरा.' तेवढ्या एका वाक्यासाठी गड्यानं स्वतःसाठी जपून ठेवलेला प्रोसेसर बाहेर काढला.

"जानेवारीतला दुसरा सोमवार," मामा म्हणाला. "बाजार बंद. रात्रीचे साडेनऊ. पक्कड दुकानात एकटा. त्यानंच मला शपथेवर सांगितलंय."

पाचशे मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर काढून आठशेचा बसवला. त्यावर गरमी ओढून घेणारी पांढरी पेस्ट, पेस्टवर पंखा. मेमरीच्या पट्ट्याही नव्या. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर अक्षरं आली. पाचशे. मेमरी जुनीच.

"बोर्डानं ओळखलं नसेल," मी म्हणालो. मामानं असं पाहिलं की मी ताईच्या मागे सरकलो.

पक्कडलाही तेच वाटलं. त्यानं बोर्डावरची वेग ठरवणारी पिन बदलली. पुन्हा पाचशे. शिवी हासडून त्यानं मेमरीच्या पट्ट्या उपटल्या आणि टेबलावर आपटल्या. आता मशीननं नुसतं बीप बीप करत बोंबलायला हवं. मेमरीशिवाय पडद्यावर अक्षर उमटत नाही.

बटण दाबलं.

पडदा उजळला.

मशीन मेमरी मोजायला लागलं... नसलेली मेमरी. सावकाश. जुन्या आकड्यावर येऊन थांबलं.

पक्कडची मान ताठ. मागे बघावं... नको...

"मेलास तरी मला पुढे जाऊ देत नाहीस?" तो ओरडला.

काही नाही. पंख्याचा आवाजसुद्धा नाही.

मग... एक छोटी बीप.

अशी बीप म्हणजे काय, ते शेवटी मामानंच सांगितलं. "म्हणजे, सगळं ठीक आहे."

सकाळी पक्कडनं नव्या पट्ट्या परत लावल्या, तर मशीन गुमान आठशे दाखवायला लागलं. वाऱ्यासारखं पळालं. मामानं मॉनिटर उचलला, पक्कडनं डबा, आणि दोघं वहिनींकडे गेले. वहिनींनी चालवून पाहिलं. चेहरा फुलला.

"भावजी... अगदी यांनीच केल्यासारखं झालंय हो!"

पक्कडचं डोकं फिरलं. "यांनी? वहिनी, यातला एक स्क्रूसुद्धा त्यानं फिरवलेला नाही!" तिथंच मशीन बंद केलं, झाकण काढलं, पंख्याची क्लिप सोडली. "बघा! माझा प्रोसेसर! माझी पेस्ट!"

पंखा उचलला.

पांढऱ्या पेस्टमध्ये अंगठ्याचा ठसा उमटलेला. ताजा. रेघ न् रेघ.

पक्कडनं आपला अंगठा शेजारी धरला... आणि मागे घेतला. ठशापेक्षा त्याचा अंगठा जवळजवळ दुप्पट रुंद होता.

त्यानं खिशातून फडकं काढलं.

"पुसू नका," वहिनी म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी पक्कडकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग?" ताई माझ्याजवळ सरकली.

"मग काय. मशीन तसंच उघडं पडलंय त्यांच्याकडे. कुणी चालू करत नाही." मामा सतरंजी गुंडाळायला लागला. "ती पेस्ट उघडी राहिली की वाळते. कडक होऊन भुगा पडतो. आता इतकी वर्षं झाली. परवा मी जाऊन आलो."

"आणि?"

"अजून ओली आहे."